प्रबंधातील अवतरणे आणि ‘म्हणतात’ : क्रियापद किती वेळा बदलावे?

काळाचौकीकर

नमस्कार. १९८२ च्या गिरणी संपानंतर लालबाग-परळ भागातील कामगार कुटुंबांनी स्वतःला कसे सावरले, या विषयावर मी मराठीतून पीएच.डी.चा प्रबंध लिहीत आहे. दिवसा नोकरी असल्यामुळे लेखन रात्री आणि रविवारी होते. गेल्या आठवड्यात माझ्या मार्गदर्शकांनी तिसरे प्रकरण तपासून परत दिले. पहिल्या ११ पानांत ‘म्हणतात’ हा शब्द ३४ वेळा आला होता; त्या प्रत्येक शब्दाभोवती पेन्सिलीने गोल केलेला होता आणि समासात एकच शेरा होता : ‘क्रियापदे बदला, भाषा एकसुरी झाली आहे.’

शेरा मला पटला. त्यानंतर दोन रात्री बसून मी इतर प्रबंधांतून आणि नियतकालिकांतून क्रियापदे वेचली, ‘प्रतिपादन करतात’, ‘नमूद करतात’, ‘अधोरेखित करतात’, ‘विशद करतात’, ‘युक्तिवाद करतात’, ‘निर्वाळा देतात’ अशी वहीत यादी केली आणि ती आळीपाळीने वापरत गेलो. एकच क्रियापद लागोपाठ दोनदा येणार नाही, याची काळजी घेतली. आता वाचताना मात्र ते प्रकरण मलाच परके वाटते. नमुन्यासाठी एक परिच्छेद देतो. नावे आणि तळटीपा काढल्या आहेत.

“एक अभ्यासक प्रतिपादन करतात की, संप १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झाला. दुसरे अभ्यासक अधोरेखित करतात की, संपात सुमारे अडीच लाख कामगार होते. शासकीय अहवाल युक्तिवाद करतो की, गिरण्यांची यंत्रे जुनी झाली होती. कामगारांनी आरोप केला की, मालकांनी नफा गिरण्यांत परत गुंतवला नाही. तर व्यवस्थापनाने स्पष्ट केले की, संपामुळेच गिरण्या डबघाईला आल्या.”

मराठीतील अशा क्रियापदांची प्रमाण मानावी अशी एखादी यादी आहे का? ‘म्हणतात’ एका पानावर किती वेळा चालेल? आणि एक जुनी शंका : ‘ते म्हणाले’ आणि ‘त्यांनी म्हटले’ यांत फरक काय? माझ्या हातून ‘त्यांनी म्हणाले’ असेही लिहिले गेले आहे. ते चूक आहे एवढे कळते, पण का चूक आहे ते सांगता येत नाही.

निवृत्त अध्यापक, दादर

काळाचौकीकर, तुमच्या मार्गदर्शकांनी खूण योग्य ठिकाणी केली आहे, पण शेऱ्यात कारण दिलेले नाही, आणि त्यामुळे तुम्ही शब्द बदलले, वाक्ये तशीच ठेवली. मी अनेक वर्षे महाविद्यालयात मराठी शिकवले आणि एम.ए.च्या विद्यार्थ्यांचे लघुप्रबंध वाचले. ‘म्हणतात’ पानोपानी येतो तेव्हा बहुधा असे आढळते की, विद्यार्थ्याने आपल्या परिच्छेदातील प्रत्येक वाक्य दुसऱ्या कोणाच्या तरी तोंडी दिलेले असते आणि तो स्वतः अजून बोलायला लागलेला नसतो.

तुमचे पहिले वाक्य घ्या. संप १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झाला, हे कोणाचेही प्रतिपादन नाही. ती घटनेची तारीख आहे आणि तिच्याविषयी वाद नाही. ती तुम्ही तुमच्या वाक्यात सरळ लिहावी आणि आधार तळटीपेत द्यावा. कामगारांच्या संख्येचेही तसेच. दोन साधनांत निरनिराळे आकडे असतील आणि तुम्हाला त्यांतील एक निवडायचा असेल, तेव्हाच आकडा देणाऱ्याचे नाव वाक्यात यावे, आणि तेव्हासुद्धा ‘अमुक यांनी हा आकडा दिला आहे’ एवढे साधे क्रियापद पुरते. ३४ पैकी निम्मी ‘म्हणतात’ या एका चाळणीत निघून जातील, असा माझा अंदाज आहे.

उरलेल्या ठिकाणी क्रियापद निवडण्यासाठी यादी उपयोगी पडत नाही. मूळ पान पुन्हा उघडावे लागते. त्या पानावर लेखकाने काय केले, हे पाहावे. ‘प्रतिपादन करणे’ म्हणजे एखादे मत कारणे देऊन उभे करणे. कारणे दिलेली नसतील तर ते केवळ मत आहे आणि ‘असे त्यांचे मत आहे’ हेच प्रामाणिक. ‘नमूद करणे’ म्हणजे एखादी बाब लिहून ठेवणे, आणि ती बाब असावी लागते. ‘ही व्यवस्था अन्यायकारक आहे, असे ते नमूद करतात’ हे वाक्य मला नेहमी खटकते, कारण न्याय-अन्याय हा निवाडा आहे, नोंद नव्हे. ‘विशद करणे’ म्हणजे थोडक्यात सांगितलेले उलगडून दाखवणे. एका ओळीच्या अवतरणापुढे ते शोभत नाही. ‘मान्य करणे’ तेव्हाच लिहावे, जेव्हा लेखक आपल्या भूमिकेला अडचणीची ठरणारी गोष्ट पत्करतो. ‘निर्वाळा देणे’ यात अधिकारवाणी आहे. साक्षीदाराने किंवा जाणकाराने खात्री दिली असेल तरच ते योग्य. ‘पुस्ती जोडणे’ हे फार सुंदर क्रियापद आपण विसरत चाललो आहोत. आधीच्या कोणाचे म्हणणे पुढे नेणाऱ्या लेखकासाठी ते नेमके आहे. ‘री ओढणे’ मात्र त्याच कृतीची निंदा करते, म्हणून ते लिहिताना आपण निंदा करत आहोत याची जाणीव असू द्यावी.

‘म्हणतात’ किती वेळा चालेल, असे तुम्ही विचारता. वाचणाऱ्याचे लक्ष ‘म्हणतात’वर थांबत नाही, पुढच्या मजकुराकडे जाते, आणि हाच त्या शब्दाचा गुण आहे. अभंगाच्या शेवटी ‘तुका म्हणे’ हजारो वेळा येते. ते क्रियापद बदलावे असे ऐकणाऱ्याच्या मनातही येत नाही. मात्र त्याच धातूचे ‘म्हणे’ आपण बोलताना संशयासाठीही वापरतो. ‘तो म्हणे गावाला गेला’ या वाक्यात बोलणारा त्या बातमीची जबाबदारी घेत नाही. प्रबंधात ‘असे म्हणतात’ किंवा ‘असे म्हटले जाते’ हे कर्ता न देता लिहिले की हाच संशय शिरतो, आणि परीक्षक ‘कोण म्हणते?’ असे विचारतात. तेव्हा ‘म्हणतात’ची भीती बाळगू नका, त्याला कर्ता द्या.

आता तुमची व्याकरणाची शंका. मराठीत सकर्मक क्रियापदाच्या भूतकाळात बहुधा कर्त्याला ‘ने’ किंवा ‘नी’ लागतो : त्याने पत्र लिहिले, तिने गोष्ट सांगितली. काही धातू सकर्मक असूनही हा नियम पाळत नाहीत. तो धडा शिकला, ती नाव विसरली, तो हे बोलला, ही त्यांची उदाहरणे. ‘म्हणणे’ या धातूची गंमत अशी की, त्याला दोन्ही वाटा मोकळ्या आहेत, पण प्रत्येक वाटेचे रूप वेगळे आहे. ‘म्हणाला, म्हणाली, म्हणाले’ ही रूपे कर्त्याप्रमाणे चालतात आणि कर्त्याला प्रत्यय घेत नाहीत; ‘म्हटले’ हे रूप कर्त्याला ‘ने’ किंवा ‘नी’ लावूनच येते. ‘त्यांनी म्हणाले’ यात एका वाटेचा कर्ता आणि दुसऱ्या वाटेचे क्रियापद एकत्र आले आहे, म्हणून ते चूक.

अर्थातही फरक आहे, आणि तो तुमच्या कामाचा आहे. ‘ते म्हणाले’ यात एक प्रसंग आहे : कोणी तरी, कधी तरी, कोणापुढे तरी तोंडाने बोलले. ‘त्यांनी म्हटले आहे’ यात लिहून ठेवलेला आणि आजही वाचता येणारा मजकूर आहे. सभेतील भाषणासाठी पहिले, ग्रंथासाठी दुसरे. ग्रंथ हातात धरून आपण त्याच्याशी चर्चा करत असू तर वर्तमानकाळ, म्हणजे ‘ते म्हणतात’, उत्तम. लेखक हयात नसला तरी तो चालतो. आणि मुंबईच्या बोलण्यात सर्रास ऐकू येणारे ‘तो बोलला की’ हे मात्र प्रबंधात नको. प्रमाण लेखनात ‘बोलणे’ हे क्रियापद बोलण्याच्या क्रियेसाठी आहे, अवतरण जोडण्यासाठी नाही.

मुद्रितशोधक, गिरगाव

सरांनी अर्थाची बाजू सांगितली आहे. मी मुद्रितांवर ज्या चुका रोज दुरुस्त करतो त्यांविषयी लिहितो, कारण क्रियापदे घाईने बदलली की त्या हमखास होतात.

‘म्हणतात’च्या जागी नाम आणि ‘करणे’ यांची जोडी आली की मागचे ‘असे’ बदलावे लागते. ‘असे मत मांडले’, पण ‘असा दावा केला’, ‘अशी भूमिका घेतली’, ‘असा निष्कर्ष काढला’, ‘अशी शंका उपस्थित केली’. संगणकावर एक शब्द शोधून त्याजागी दुसरा घालणारे लेखक ‘असे’ तसेच ठेवतात आणि माझ्याकडे ‘असे दावा केला’ अशी वाक्ये येतात. एका पुस्तकाच्या मुद्रितात मी अशी ५० हून अधिक ठिकाणे दुरुस्त केली होती, आणि लेखक मोठे विद्वान होते.

दुसरी गोष्ट तुमच्या परिच्छेदातील प्रत्येक वाक्याला लागू आहे. पाचही वाक्ये ‘कर्ता, क्रियापद, की’ याच साच्यात आहेत. तुमच्या मार्गदर्शकांना जो एकसुरीपणा जाणवला, त्यात या साच्याचा वाटा ‘म्हणतात’पेक्षा मोठा असावा. मराठीची अंगभूत सवय म्हणणे आधी सांगून मग ‘असे’ने ते बंद करण्याची आहे. संस्कृतात हे काम ‘इति’ करते, जुन्या मराठीत ‘ऐसें’ करत असे. पोथ्यांमध्ये अवतरणचिन्हे नव्हती; स्वल्पविराम, अवतरणचिन्ह ही सारी विरामचिन्हे मराठीत आणण्याचे श्रेय एकोणिसाव्या शतकातील मेजर कँडी यांना दिले जाते. त्यापूर्वी कोणाचे बोलणे कोठे संपले, हे वाचणाऱ्याला शब्दांवरूनच कळत होते, आणि ती सोय आजही आपल्या भाषेत आहे. तेव्हा काही वाक्ये ‘… असे ते म्हणतात’ या घडणीत घ्या, काही ‘त्यांच्या मते’ने सुरू करा, काही ठिकाणी ‘त्यांचे म्हणणे असे की’ लिहा. क्रियापद तेच राहूनही परिच्छेद मोकळा होईल.

मात्र अवतरण लांब असेल तर बोलणाऱ्याचे नाव आधीच द्यावे. सहा ओळींचे अवतरण आणि शेवटी ‘असे अमुक म्हणतात’ अशी रचना केल्यास वाचक सहा ओळी कोणाच्या आहेत हे न कळता वाचतो, आणि कळल्यावर त्याला परत मागे जावे लागते. तीन-चार ओळींपेक्षा मोठे अवतरण ‘अमुक लिहितात :’ असे लिहून खाली, दोन्ही बाजूंना समास सोडून, वेगळे द्यावे. तेथे क्रियापदाचा थाट अजिबात नको.

‘अहवाल युक्तिवाद करतो’ याविषयी. मराठीत अहवाल बोलत नाही. अहवालात लिहिलेले असते. ‘अहवालात असे म्हटले आहे’, ‘अहवालात ही बाब नोंदलेली आहे’, ‘अहवालावरून असे दिसते’ या रचना आपल्या आहेत. ‘हा लेख असे सांगू पाहतो’ अशी वाक्ये इंग्रजीतून विचार करून लिहिली जातात आणि ती वाचताना अडखळायला होते. शिवाय ‘युक्तिवाद’ म्हटले की वाचकासमोर कोर्ट येते. तो शब्द खरोखरच वादी-प्रतिवादी असतील तेथे राखून ठेवावा.

आणखी एक धोक्याची जागा आहे. मराठीत दुसऱ्याचे बोलणे सांगताना आपण त्याचे ‘मी’ तसेच ठेवतो : ‘तो म्हणाला की मी उद्या येतो.’ येथे ‘मी’ म्हणजे ‘तो’, हे बोलताना सहज कळते. प्रबंधात मात्र ‘लेखक म्हणतात की मी ही संज्ञा मान्य करत नाही’ असे लिहिले, तर ती संज्ञा लेखकांना मान्य नाही की तुम्हाला, हे कळत नाही. लेखकांचे शब्द जसेच्या तसे असतील तर ‘की’नंतर स्वल्पविराम आणि मग अवतरणचिन्ह, तुमच्या शब्दांत सांगत असाल तर ‘मी’ काढून ‘आपण’ घाला : ‘आपण ही संज्ञा मान्य करत नाही, असे लेखक म्हणतात.’ मूळ मजकूर इंग्रजीत असेल आणि तुम्ही तो मराठीत आणला असेल, तर ‘भाषांतर माझे’ अशी टीप द्या. नाही तर अवतरणचिन्हांत तुमचे शब्द त्यांच्या नावावर जमा होतात.

विलेपार्ल्याच्या अध्यापिका

मी पदव्युत्तर विद्यार्थ्यांना इंग्रजीतून शोधनिबंध लिहायला शिकवते. तेथे या क्रियापदांचा स्वतंत्र अभ्यास झाला आहे. त्यातील मराठीला लागू पडेल एवढेच सांगते.

जॉफ थॉम्पसन आणि ये यियुन यांनी १९९१ मधील एका लेखात या क्रियापदांचे वर्गीकरण केले. अशा क्रियापदात दोन भूमिका एकाच वेळी असतात, मूळ लेखकाची स्वतःच्या विधानाविषयीची आणि ते उद्धृत करणाऱ्याची, हे त्यांच्या मांडणीचे सार मला फार महत्त्वाचे वाटते. केन हायलंड यांनी १९९९ मध्ये आठ ज्ञानशाखांतील ८० शोधनिबंध तपासले. तत्त्वज्ञानाच्या लेखनात ‘म्हणणे’, ‘सुचवणे’, ‘प्रतिपादणे’, ‘दावा करणे’ या अर्थाची क्रियापदे अधिक आढळली, तर अभियांत्रिकी आणि जीवशास्त्रात ‘दाखवणे’, ‘आढळणे’, ‘वर्णन करणे’ या अर्थाची. तुमचा विषय दोन्हींच्या मध्ये आहे : आकडे, तारखा आणि कागदपत्रे ‘आढळतात’, त्यांचा अर्थ लावणारे ‘प्रतिपादन करतात’. हे दोन थर वेगळे ठेवले की क्रियापदे आपोआप वेगळी होतात.

माझ्या विद्यार्थ्यांना मी एक छोटी कसोटी देते, तिच्यामागे भाषाशास्त्रज्ञ पॉल आणि कॅरल किपार्स्की यांचे १९७० चे काम आहे. क्रियापदापुढे ‘पण ते खरे नाही’ हे शब्द जोडून पाहायचे. ‘ते असा दावा करतात, पण ते खरे नाही’ हे वाक्य चालते. ‘ते दाखवून देतात, पण ते खरे नाही’ हे वाक्य मोडते. म्हणजे ‘दाखवून देतात’, ‘लक्षात आणून देतात’, ‘निदर्शनास आणतात’ असे लिहिताच तुम्ही स्वतः त्या विधानाच्या खरेपणाची हमी घेता. ‘दावा करतात’ लिहिताच ती हमी तुम्ही नाकारता, आणि वाचकाला थोडा अविश्वासही कळवता. ‘म्हणतात’, ‘लिहितात’, ‘त्यांच्या मते’ यांत हमीही नाही आणि अविश्वासही नाही. तुमच्या ‘अधोरेखित करतात’मध्येही हमी आहे, कारण जे आधीच मान्य आहे तेच अधोरेखित करता येते. चर्चेत असलेल्या मताला तो शब्द लावू नका.

काळाविषयी सरांनी सांगितले ते इंग्रजीतील संकेतांशी बरेचसे जुळते. एमएलए आणि एपीए या संदर्भ देण्याच्या तेथील दोन पद्धती. एमएलए पद्धतीत ग्रंथातील मजकुराविषयी वर्तमानकाळ वापरतात, एपीए पद्धतीत भूतकाळ किंवा ‘म्हटले आहे’ या धर्तीचा पूर्ण वर्तमानकाळ. तुमच्या विभागात कोणती पद्धत चालते ते एकदा विचारून घ्या आणि ती शेवटपर्यंत पाळा.

भोईवाडा

मी भाषेची अभ्यासक नाही. माझे वडील परळच्या एका गिरणीत साचे खात्यात, म्हणजे विणकामाच्या विभागात, होते आणि संपात अखेरपर्यंत होते. तुमचा परिच्छेद वाचताना मी शेवटच्या वाक्यावर थांबले आणि वरच्या तिन्ही उत्तरांत त्या वाक्याकडे कोणी लक्ष वेधले नाही, म्हणून लिहीत आहे.

तुम्ही लिहिले आहे : कामगारांनी ‘आरोप केला’ आणि व्यवस्थापनाने ‘स्पष्ट केले’. वरची कसोटी लावून पाहा. ‘आरोप केला, पण ते खरे नाही’ हे चालते. ‘स्पष्ट केले, पण ते खरे नाही’ हे चालत नाही. म्हणजे गिरण्या कशामुळे बुडाल्या, हा जो तुमच्या प्रकरणाचा मुख्य प्रश्न आहे, त्याचा निकाल तुम्ही दोन क्रियापदांत लावून टाकला आहे आणि पुरावा पुढच्या पानांवर ठेवला आहे. तुमचा तसा हेतू नसणार, हे मला माहीत आहे. पण हीच जोडी मी लहानपणापासून वर्तमानपत्रांत वाचत आले आहे. कामगार नेहमी आरोप करतात, मागणी करतात, धमकी देतात. व्यवस्थापन स्पष्ट करते, खुलासा करते, आवाहन करते. वडील संध्याकाळी चाळीच्या गॅलरीत पेपर वाचत आणि ‘आम्ही सांगितलं ते आरोप कसं झालं?’ असे विचारत. तेव्हा मी शाळेत होते आणि मला त्यांचा प्रश्न कळला नव्हता.

तुमच्या विषयात याला आणखी एक पदर आहे. मुंबई औद्योगिक संबंध अधिनियम, १९४६ नुसार गिरणी कामगारांच्या वतीने बोलण्याचा अधिकार राष्ट्रीय मिल मजदूर संघ या एकाच मान्यताप्राप्त संघटनेला होता. संपकरी डॉ. दत्ता सामंत यांच्या मागे गेले होते, आणि तो कायदा रद्द करावा, ही संपातील एक मागणी होती. म्हणजे कामगारांच्या नावाने कोण ‘म्हणू’ शकतो, हाच मुळात झगडा होता. अशा वेळी ‘कामगार संघटनेने मान्य केले’ असे वाक्य तुम्हाला कागदपत्रांत सापडले, तर ती कोणती संघटना आणि तिच्यामागे त्या दिवशी किती कामगार उभे होते, हे लिहिल्याशिवाय ते क्रियापद पुढे नेऊ नका.

आणि मुलाखतींमध्ये ‘कबूल केले’ हा शब्द कृपया टाळा. ‘संपाच्या काळात आपण भाजी विकली, असे त्यांनी कबूल केले’ असे वाक्य मी एका पुस्तकात वाचले आहे. भाजी विकणे हा गुन्हा नव्हता. ‘सांगितले’ एवढे पुरे होते.

काळाचौकीकर

आपणा सर्वांचे मनापासून आभार. भोईवाडा ताई, तुमचे उत्तर वाचून मी ते प्रकरण पहिल्या पानापासून पुन्हा काढले. ‘आरोप’ आणि ‘स्पष्ट करणे’ ही जोडी मला आणखी सात ठिकाणी सापडली. ती माझ्या वहीतील यादीतून आली नव्हती. वर्तमानपत्रांच्या कात्रणांतून टिपणे काढताना मी बातमीतील क्रियापदेही तशीच उतरवून घेतली होती. परिच्छेद आता असा झाला आहे :

“१८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या संपात सुमारे अडीच लाख कामगार उतरले. गिरण्यांतील यंत्रे त्याआधीच जुनी झाली होती, ही बाब संपापूर्वीच्या शासकीय अहवालातही नोंदलेली आहे. गिरण्या कशामुळे डबघाईला आल्या, याविषयी मात्र दोन बाजूंचे म्हणणे वेगळे आहे. मालकांनी नफा गिरण्यांत परत गुंतवला नाही, असे मी भेटलेले कामगार सांगतात. गिरण्या संपामुळेच डबघाईला आल्या, असे व्यवस्थापनाचे म्हणणे होते. यंत्रांविषयीची नोंद संपाआधीची असल्यामुळे पहिल्या म्हणण्याला कागदाचा काही आधार मिळतो. तो आधार कितपत भक्कम आहे, हे पुढील भागात तपासले आहे.”

‘म्हणणे’ यात तीनदा आले आहे आणि मी ते तसेच ठेवणार आहे.

एक प्रश्न उरला आहे. माझ्याच चाळीत राहणाऱ्या एका निवृत्त कामगारांची मी मुलाखत घेतली. संप चालू असताना ते काही महिन्यांनी कामावर परत गेले होते, हे मला इतरांकडून कळले होते. त्याविषयी विचारल्यावर त्यांनी चष्मा काढला, सदऱ्याच्या टोकाने बराच वेळ पुसला, आणि मग आत हाक मारून नातवाला पंखा वाढवायला सांगितला. मी लिहिले होते : ‘त्यांनी या प्रश्नाचे उत्तर देण्याचे टाळले.’ आता ते क्रियापदही मला नीट वाटत नाही. येथे काय लिहावे?

मुद्रितशोधक, गिरगाव

‘टाळले’मध्ये हेतू आहे, ‘मौन पाळले’मध्ये निश्चय आहे, ‘निरुत्तर झाले’मध्ये हार आहे. यांतील एकही गोष्ट तुम्ही पाहिलेली नाही. तुम्ही जे पाहिले ते येथे लिहिलेच आहे : चष्मा पुसणे आणि नातवाला मारलेली हाक. प्रबंधाच्या भाषेत तेवढे सविस्तर नको असेल, तर ‘या प्रश्नावर ते काही बोलले नाहीत’ असे लिहा. ‘बोलणे’ हे क्रियापद सरांनी अवतरणासाठी नको म्हटले होते. येथे अवतरणच नाही, म्हणून ते अगदी बरोबर बसते.

भोईवाडा

आणि ते कामावर परत गेले होते, ही गोष्ट त्यांनी तुम्हाला सांगितलेली नाही. ती इतरांनी सांगितली आहे. ती या वाक्याला जोडू नका. ज्यांनी सांगितली त्यांच्या वाक्यात, त्यांच्या तोंडी राहू द्या, आणि नाव देण्याआधी त्यांना एकदा भेटून विचारा.